शेकाच्या फळ्या

"गादी मी देतो हो, पण आधी सांगा, खाली काय आहे?" छगनशेठ म्हणाले. "नवार, पत्रा की फळ्या?"

"फळ्या," हे म्हणाले.

"सलग?"

"नाही. मधे फटी आहेत. बोट जाईल एवढ्या."

छगनशेठनी हातातली गजाची काठी खाली ठेवली. "भाऊ, ही काथ्याची गादी आहे, वरून कापसाचा थर. फटींवर टाकली तर वर्षभरात जागोजागी खड्डे पडतील, अन् मग तुम्ही येणार माझ्या नावानं ओरडत. गादी नवी घेता तर खालचंही नवं घ्या. प्लायवूड आलंय माझ्याकडे. त्याच पलंगाच्या चौकटीत बसेल असं कापून देतो."

"फळ्याले हात लावायचा नाही," आत्याबाई म्हणाल्या.

सासूला मी आत्याबाई म्हणायची. दुकानाच्या पायरीवर त्या पदर खोचून बसल्या होत्या आणि इतका वेळ गादीचा कोपरा दोन बोटांत धरून चाचपत होत्या. तो कोपरा त्यांनी सोडला.

पौष महिना होता. अकोटला पौषात सातपुड्यावरून असं वारं येतं की दुपारच्या उन्हातही अंगावर काटा राहतो. माझे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण मला माहेर नव्हतं. आई मी परकरात असतानाच गेली आणि ज्या काकांनी वाढवलं त्यांनी लग्न लावून दिलं तेव्हाच हात धुतले होते. म्हणून बाळंतपण सासरी, आत्याबाईंच्या हातचं, आणि त्यांच्या त्या पलंगावर व्हायचं होतं. गादी घ्यायला आम्ही त्यासाठीच आलो होतो.

"सलग फळीवर शेक कसा लागंन?" आत्याबाईंनी छगनशेठना विचारलं. "खालून शेगडी ठेवायची, त्याची ऊब वर नको का याले? माह्या बापानं मेळघाटातलं सागवान आनून मुद्दाम फटी ठेवून करून देल्ला पलंग. माही चारही लेकरं त्याच्यावरच झाली. हा बी." त्यांनी ह्यांच्याकडे हनुवटी केली.

"आई, आता कोण शेक घेतं? दवाखान्यात जातात बाया," छगनशेठ म्हणाले.

"म्हनून तर तिशीत कंबर धरतात अन् तुमच्याकडे गाद्या घ्याले येतात."

दुकानातली दोन-चार माणसं हसली. छगनशेठही हसले. हे हसले नाहीत. ह्यांची एक सवय होती. काही ठरवायचं असलं की आधी आईकडे पाहायचे, मग माझ्याकडे, आणि मग जमिनीकडे. त्या दिवशी ते थेट जमिनीकडेच पाहत होते.

माझ्या पोटात बाळ वळलं. मी कधी चारचौघांत बोलत नसे, पण त्या दिवशी बोलले.

"आत्याबाई, फळ्यापण बदलूया ना. गादीसोबतच."

"काहून?"

काय सांगणार? जे नाव ओठांवर होतं ते त्या घरात कुणी काढत नसे. मी म्हटलं, "जुन्या झाल्यात."

"मी बी जुनी झाली. मलेही बदलतं का छगनशेठकडून?"

पुन्हा सगळे हसले. गादी घेतली. नुसती गादी. हातगाडीवर बांधून ती घरी निघाली आणि तिच्यामागून आम्ही तिघं.

ते नाव होतं गिरजा. माझ्या नवऱ्याची पहिली बायको. मी तिला पाहिलेलं नव्हतं. घरात तिचा एक फोटो होता, तोही लग्नातला, डोळे मिटलेले आलेले. माझं बाळंतपण ज्या खोलीत व्हायचं होतं त्याच खोलीत, त्याच पलंगावर ती बाळंत झाली होती. मुलगा झाला. पेढे वाटले. आणि आठवडा उलटायच्या आत तिला झटके यायला लागले. मान मागे, दातखीळ, हातपाय ताठ. बाळंतवात, म्हणाले सगळे. वैद्य आला, देवऋषी आला, डॉक्टरला आणायला माणूस धावला. डॉक्टर येईपर्यंत ती गेली होती. संध्याकाळी बाळानंही तसेच हात ताणले आणि तेही गेलं.

एवढं मला शेजारच्या अंजनाबाईंनी सांगितलं होतं, लग्न होऊन मी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात. तेव्हापासून मी त्या खोलीत केर काढायला गेले तरी पलंगाकडे पाठ करायची नाही. आता तर तिथं निजायचं होतं. मला दुसरं काही नको होतं. मला जगायचं होतं आणि पोटातलं जगलेलं पाहायचं होतं.

गादी आली तशी अंजनाबाई पाहायला आल्या. आत्याबाई मागच्या अंगणात शेगडीला माती लिंपत होत्या. अंजनाबाईंनी गादी दाबून पाहिली, मग आवाज उतरवला.

"गादी बदलली. पलंग?"

"तोच."

"अवं माय!" त्यांनी तोंडाला पदर लावला. "पाय प्रयाग, तू लेकीसारखी म्हनून सांगतो. गिरजेच्या तेराव्याले शय्यादान केलं. गादी देल्ली, उशी देल्ली, चादर देल्ली, तांब्या-भांडं देल्लं. पलंग मात्र ठेवला. बापाचा हाय म्हने, सागवानी हाय म्हने. अर्धं दान केलं! शय्या म्हनजे का नुसती गादी असते? मानूस जाते थे खालच्या लाकडासकट देऊन टाकाव लागते. नाही त त्याचं मन तिथंच राह्यते."

"मग आता?"

"आता काय? तिची जागा हाय थे. तिच्या जागी तू आली, अन् आता तिच्या पलंगावर बी..."

"अंजना!" आत्याबाई दारात उभ्या होत्या, दोन्ही हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. "तुह्या घरी चूल थंडी पडली का?"

"गादी पाह्याले आली होती."

"पाह्यली ना? आता जाय. अन् ऐक. गिरजा मले लेकीसारखी होती. जिती असताना तिनं कोनाचं वाईट केलं नाही. मेल्यावर काय म्हनून करंन?"

अंजनाबाई गेल्या. आत्याबाई माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता मला बोलतील. पण त्या म्हणाल्या, "चाल. तुले दाखवतो, काय हाय पलंगात अन् काय नाही."

खोली उघडली. एकच खिडकी, तीही गोणपाट ठोकून बंद केलेली. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून गिरजेच्या वेळी ठोकलं ते तसंच होतं. आत एक वास होता, कुबट, जिभेवर येऊन बसणारा. दर वेळी केर काढताना मला तो यायचा आणि मी मनात म्हणायची, हा मरणाचाच वास असणार.

"वास येतो," मी म्हटलं.

"येनारच. औषधाचा हाय."

त्यांनी कोनाड्यातून एक डबा काढला. आमच्याकडे कपाशीवर कीड पडली की एक पांढुरकी भुकटी मारायचे. शेतातून उरली की ती घरोघरी यायची, आणि बायका ती ढेकणांवर वापरायच्या. पलंगाच्या सांध्यांत, भिंतीच्या भेगांत, कोनाड्यात. आत्याबाईंचा ढेकणांवर जन्माचा दात होता. त्यांनी जुन्या धोतराच्या चिंधीची बारीक वात केली, भुकटीत घोळली आणि फळ्यांच्या कडेनं, खिळ्यांच्या भोकांत, खुरांच्या खाचांत ठासून भरू लागल्या. बाळाला काजळ घालावं तशा हळुवार, जीभ दातांत धरून.

"माह्या बाळंतपनाच्या वेळी हे नव्हतं. राख घाले माही माय अन् कडुनिंबाचा पाला. ढेकूण काही मरत नसत. तुह्या नवऱ्याच्या, पद्माकरच्या पाठीवर बारीक बारीक गांधी उठे, मी रात-रात जागो. आता किती सोपं झालं पाय! नव्या लेकराचं अंग म्हनजे लोनी. त्याले एक बी चावला नाही पाहिजे."

मग त्यांनी फळ्यांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तू भेतं, माहीत हाय मले. पन मी हाय ना वं इथं. मी तुह्या उशाशी बसन. हलनार नाही."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही.

आमच्याकडे एक मांजर होती, भुरी. तीही पोटुशी होती, माझ्याबरोबरच. आत्याबाई कधीकधी आम्हा दोघींना एकदम दूध द्यायच्या आणि म्हणायच्या, "पायू कोन आधी मोकळी होते." भुरी आधी झाली. पलंगाखाली, त्या खोलीत, कोपऱ्यातल्या गोणपाटावर. तीन पिल्लं. आत्याबाईंना फार आनंद झाला. बाळंतिणीच्या खोलीत मांजर व्याली म्हणजे शकुन चांगला, असं त्यांनी गल्लीभर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केर काढताना पलंगाखाली पाल मरून पडलेली दिसली. पाय वर. मी ती झाडूनं सुपलीत घेतली आणि कुणाला न सांगता उकिरड्यावर टाकली. त्याच दुपारी आत्याबाईंनी गादी पलंगावर घातली.

"खोली तापवून घेऊ," त्या म्हणाल्या. "ओल हाय. ऐन वेळी ऊब धरत नाही. तू बी जरा पडून पाय, गादी कशी लागते. पाठीले टोचते का ते आताच समजू दे."

बाभळीचे निखारे त्यांनी शेगडीत भरले, वर ओवा आणि बाळंतशोपा टाकल्या आणि शेगडी पलंगाखाली सारली. भुरी जरा सरकली, पण ऊब मिळाली तशी पिल्लांना घेऊन पुन्हा पसरली. आत्याबाईंनी दार ओढून घेतलं. मी गादीवर आडवी झाले.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा बरं वाटलं. किती दिवसांनी कंबर उबली होती. फटींतून ऊब वर येत होती, काथ्यातून झिरपून पाठीला भिडत होती. ओव्याचा वास होता. त्या वासाखाली तो दुसरा वास होता, नेहमीपेक्षा दाट. डोळा लागला असावा.

जागी झाले ती कपाळात घण बसत होते म्हणून. तोंडाला पाणी सुटलेलं. मळमळत होतं. उठायचं म्हटलं तर हात उचलवेना, आणि उचलला तेव्हा बोटं आपोआप थरथरत होती. डाव्या डोळ्याची पापणी एकसारखी उडत होती. खोलीत धुरकट अंधार होता, आणि माझी खात्री झाली की पायथ्याशी कुणीतरी उभं आहे. डोळे मिटलेलं.

"आत्याबाई!" मी हाक मारली. आवाज घशातच राहिला असावा. पुन्हा मारली.

त्याच वेळी पलंगाखालून खडखड ऐकू आलं. नखं जमिनीवर घासल्यासारखी. मग शेगडीला काहीतरी धडकलं.

दार उघडलं. उजेड आत आला आणि त्या उजेडात भुरी पलंगाखालून सरपटत बाहेर आली. बाहेर आली म्हणजे काय, तिला आपलं अंग आवरत नव्हतं. मान मागे वळून पाठीला टेकली होती. चारही पाय काठीसारखे ताठ. तोंडाला फेस. ती एका अंगावर पडली, सगळं शरीर धनुष्यासारखं वाकलं, सैल पडलं, पुन्हा वाकलं.

आत्याबाई उंबऱ्यात थिजल्या. त्यांच्या हातात माझ्यासाठी आणलेला दुधाचा पेला होता.

"गिरजे!" त्या म्हणाल्या.

ओरडल्या नाहीत, अगदी हळू म्हणाल्या. पण मी ऐकलं. म्हणजे त्यांनाही ती दिसत होती.

पेला पडला. पुढचं फार भरभर झालं. त्या आत धावल्या, मला दोन्ही काखांत हात घालून उचललं. एवढीशी बाई, आणि मी नऊ महिन्यांची. मला ओढतच त्यांनी अंगणात आणलं, उन्हात, तुळशीच्या कठड्याला टेकवून बसवलं आणि तोंडावर पाणी मारलं. "श्वास घे. मोठा घे. आनखी मोठा." मग पुन्हा आत गेल्या. शेगडी बाहेर आणून तिच्यावर घागर रिचवली. मग खिडकीचं गोणपाट फाडल्याचा आवाज आला. फाडतच होत्या, एकाच खिडकीला इतका वेळ लागतो का?

मला उलटी झाली. डोकं हळूहळू उतरलं. पोटात हालचाल नव्हती. मी दोन्ही तळवे पोटावर दाबून बसले आणि वाट पाहिली. आत्याबाई समोर उकिडव्या बसल्या होत्या, त्यांची नजरही माझ्या पोटावर. कितीतरी वेळानं बाळानं लाथ मारली.

"मारली?" त्यांनी विचारलं.

"मारली."

त्या उठल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

भुरी गेली. पिल्लंही गेली. तिघंही.

संध्याकाळी हे कापसाच्या जिनमधून आले. आत्याबाई म्हणाल्या, "उद्याच्या उद्या छगनशेठकडून प्लायवूड आन. फळ्या काढायच्या."

हे माझ्याकडे पाहू लागले. "अन् शेक?"

"शेक द्यायचा नाही."

"आई, तूच तर दुकानात..."

"द्यायचा नाही म्हटलं ना! खिडकी बी उघडी राहीन. वारा लागू दे. लागला त लागला."

गल्लीत बातमी पसरली. अंजनाबाईंचं म्हणणं खरं ठरलं होतं आणि त्यांना ते लपवता येत नव्हतं. "गिरजा मांजरीत आली," त्या ज्याला त्याला सांगत होत्या. "बाळंतिणीले उठवून देल्लं पलंगावरून. बरं झालं बुढीले दिसलं. आता तरी त्या फळ्या दान करा म्हना."

"कोनालेच देनार नाही," आत्याबाई म्हणाल्या.

"अवं, एवढं झाल्यावर बी?"

"नाही देनार."

"लोभ सुटत नाही बाप्पा एखाद्याचा," अंजनाबाई मला ऐकू येईल अशा म्हणाल्या. आणि मलाही तसंच वाटलं.

प्लायवूड आलं. माझं बाळंतपण उघड्या खिडकीच्या खोलीत, बिनशेकाचं झालं. गल्लीतल्या म्हाताऱ्या येऊन हळहळून गेल्या. मुलगी झाली, रडकी, ठणठणीत. आत्याबाई कबूल केल्याप्रमाणे माझ्या उशाशी बसून होत्या. मुलगी जरा ताणून आळस देऊ लागली, तिची मूठ वळली, की त्या ताडकन उठून तिचे हात सोडवून पाहायच्या. पहिला महिना त्यांनी तिला एकटं सोडलंच नाही. मी मनात म्हणायची, अजून गिरजेला भितात.

त्या फळ्यांचं त्यांनी काय केलं, ते सांगते. सोड्याच्या पाण्यानं घासल्या. उन्हात टाकल्या, पुन्हा घासल्या, पुन्हा टाकल्या. सगळा उन्हाळा ते चाललं होतं. जवळ कुणाला येऊ देत नसत. मग एक दिवस त्या फळ्या त्यांनी आपल्या खोलीत नेल्या, चार विटांवर मांडल्या आणि वर एक गोधडी टाकून निजू लागल्या. ह्यांनी पुष्कळ समजावलं. छगनशेठची दुसरी गादी आणतो म्हणाले.

"पाठीले बरं वाटते," त्या म्हणाल्या. विषय संपला.

पुढच्या दिवाळीची झाडलोट चालली होती. मुलगी रांगत होती. पाळण्याच्या दोरीच्या गाठीत मला ढेकूण दिसले, चांगले रगत पिऊन फुगलेले. मी ओट्यावरूनच ह्यांना हाक मारली, "अहो, शेतावर जाताय तर येताना ती भुकटी आणा जराशी. पाळण्यात ढेकूण झालेत."

पाठीमागून माझं मनगट कुणी तरी धरलं. आत्याबाई होत्या. रागानं त्यांनी मला कधी बोट लावलं नव्हतं.

"नको आनू रे काही," त्या ह्यांना म्हणाल्या. "उकळतं पानी टाकीन मी." आणि मला त्यांनी आपल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. "बस."

मी फळ्यांवर बसले. त्या उभ्याच होत्या.

"भुरीले काय झालं होतं?"

 मी म्हटलं, "गिरजाबाई..."

"गिरजा काहून मारंन?" त्या म्हणाल्या. "गिरजेले कोनी मारलं थे तर विचार."

त्यांनी बंद दार पुन्हा ओढून पाहिलं.

"मी माह्या हातानं भरली थे पावडर. फटी-फटीत. नव्या लेकराले ढेकूण चावू नये म्हनून. खालून निखारे. दार बंद, खिडकी बंद, गोनपाट ठोकलं. गिरजा म्हने, आत्याबाई, डोकं दुखते. मी म्हटलं, गारठा असन, शेक कमी पडला. मी आनखी निखारे टाकले. ती म्हने, मळमळते. मी आनखी टाकले." त्यांनी हाताची पाचही बोटं जुळवली, चिमटीत निखारा धरल्यासारखी. "तिची मान अशी गेली मागं. भुरीची गेली ना, तशीच. तशीच्या तशी. भुरीले पाह्यलं अन् मले समजलं. तोपर्यंत नव्हतं समजलं, प्रयाग. देवाशप्पथ नव्हतं."

बाहेर मुलगी थाळी वाजवत होती.

"म्हणून फळ्या..."

"अंजना म्हनते दान कर. कोनाले करू? कोनाच्या बाळंतिणीले देऊ सांग? जाळाव, त धूर तुमच्यावर येईन. म्हनून निजतो मीच." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "पद्माकरले सांगू नको. दोघं होते थे त्याचे."

"नाही सांगणार."

"जाय. लेकरू एकटं हाय."

मी उठले. दाराशी जाऊन वळले. त्या फळीवर बसल्या होत्या आणि बोटानं एक फट घासत होत्या, स्वच्छ झालेलीच.

त्यानंतर या गोष्टीवर आम्ही कधी बोललो नाही. त्या मुलीचे लाड करत, माझ्याशी भाजीवरून भांडत, छगनशेठच्या गादीला नावं ठेवत. लोकांना त्या तशाच वाटायच्या. मी पाहायची, पौष लागला की त्या शेगडी पेटवू देत नसत. कितीही थंडी पडो. कुडकुडत निजत.

मुलगी हायस्कुलात गेली त्या वर्षी आत्याबाईंनी अंथरूण धरलं. शेवटच्या दिवशी सकाळीच डॉक्टर हात पुसून गेले. हे तुळशीचं पान आणि गंगेचं पाणी घेऊन आले. अंजनाबाईंनी जमीन सारवून दर्भ टाकला. आमच्याकडे प्राण जायच्या आधी माणसाला खाली घेतात. खाटेवर मरण येऊ देत नाहीत. दोघा-तिघांनी आत्याबाईंना उचलायला हात घातले.

त्या उचलल्या जाईनात. गोधडी सरकली तेव्हा दिसलं, उजव्या हाताची बोटं त्यांनी फळ्यांच्या फटीत खुपसली होती आणि खालून वळवून घट्ट धरलं होतं. ह्यांनी एकेक बोट सोडवायला सुरुवात केली.

"आई, सोड. खाली घेतो तुला. आई!"

त्यांनी डोळे उघडले. ह्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"गिरजेले उतरवलं होतं का?"

"भ्रमात बोलतेय," हे म्हणाले.

"राहू द्या," मी म्हटलं.

"काय?"

"नका उतरवू. राहू द्या तिथंच."

"अवं, काय बोलतं!" अंजनाबाई पुढे झाल्या. "खाटेवर मरन? तिची गती काय होईन?"

"राहू द्या म्हटलं ना," मी म्हणाले, आणि माझा आवाज हुबेहूब आत्याबाईंसारखा निघाला. सगळे मागे सरले. मी ह्यांच्या हातातून पळी घेतली आणि त्यांच्या तोंडात पाणी घातलं. बोटं फटीतच होती.

त्यांना नेताना मी ह्यांना सांगितलं, या फळ्याही सरणावर जाऊ द्या.

"एवढं चांगलं सागवान? कशाला?"

"त्यांच्या वडिलांनी दिलेलं आहे. त्यांच्याबरोबर जाऊ द्या."

हे आधी जमिनीकडे पाहू लागले. मग माझ्याकडे. मग माणसांना म्हणाले, "घ्या त्या."

तेराव्याला मी शय्यादान केलं. नवी गादी, उशी, चादर, तांब्या-भांडं. अंजनाबाई पंगतीत बसल्या होत्या. त्यांनी सगळं न्याहाळून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "पाय बरं. या घरात पुन्हा अर्धंच दान."

"हो," मी म्हटलं आणि त्यांच्या पानात आणखी एक पुरी वाढली.